गेमिंग हेडसेट निवडताना: कानाला काय हवे आणि कातडीला काय जाणवते

वरुड, आर्वी, दारव्हा, ब्रह्मपुरी अशा तालुक्याच्या गावांत आणि त्यांच्या अवतीभवतीच्या खेड्यांत मोबाईलवर बीजीएमआय हा गोळीबाराचा गेम खेळणारी मुले आता घरोघरी आहेत, आणि शिक्षणासाठी घेतलेल्या लॅपटॉपवर संध्याकाळी व्हॅलोरंट किंवा मोटारशर्यतीचे गेम खेळणारेही थोडे नाहीत. पैसे साठवून चांगला हेडसेट घ्यायचे ठरले की या मंडळींसमोर हल्ली हॅप्टिक हेडसेटचा पर्याय येतो, म्हणजे आवाजाबरोबर कानाशी थरथरणारा हेडसेट. तो घ्यावा की त्याच पैशांत साधा पण उत्तम आवाजाचा घ्यावा, याचे उत्तर खोक्यावर छापलेल्या आकड्यांतून मिळत नाही, आणि कानाला लावून पाहण्याची सोय नागपूर-अमरावतीच्या मोठ्या दुकानांपलीकडे क्वचितच असते. आवाज कसा तयार होतो, तो कोणत्या दिशेने आला हे मेंदूला कसे कळते आणि थरथर नेमकी कुठून येते, एवढे समजून घेतले तर ऑनलाइन मागवतानाही निवड बरीच डोळसपणे करता येते.

खोक्यावरचे आकडे

हेडसेटच्या प्रत्येक वाटीत एक लहान स्पीकर असतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात. चुंबकाच्या क्षेत्रात तारेचे एक बारीक वेटोळे असते, त्याला पातळ पडदा चिकटवलेला असतो, आणि वेटोळ्यातून विजेचा संकेत वाहू लागला की पडदा पुढेमागे हलून हवेत आवाज उमटवतो. गेमिंग हेडसेटमध्ये हा ड्रायव्हर बहुधा 40 किंवा 50 मिलिमीटरचा असतो आणि जाहिरातीत हाच आकडा सर्वांत ठळक छापलेला असतो. प्रत्यक्षात पडदा कशाचा आहे, वाटीच्या आतली पोकळी कशी घडवली आहे आणि कुशन कानाभोवती किती नीट बसते, यांवर आवाजाचा दर्जा अधिक ठरतो. चांगल्या घडणीचा 40 मिलिमीटरचा ड्रायव्हर निकृष्ट घडणीच्या 50 मिलिमीटरच्या ड्रायव्हरला सहज मागे टाकतो.

दुसरा आकडा असतो 20 ते 20,000 हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला होणारी कंपने. माणसाच्या कानाची ऐकण्याची मर्यादा साधारण तेवढीच असून वय वाढत जाते तशी वरची बाजू आक्रसत जाते. मात्र हेडसेट त्या पट्ट्यातला प्रत्येक स्वर सारख्या ताकदीने वाजवतो की कुठे फुगवतो आणि कुठे दाबतो, हे या आकड्यातून कळत नाही, आणि खरा फरक तर तिथेच असतो. तिसरा आकडा ओहमचा, म्हणजे हेडसेट विजेला किती अडवतो याचा. मोबाईल किंवा लॅपटॉपला थेट जोडायचा असेल तर 16 ते 32 ओहमच्या आसपासचा हेडसेट घ्यावा. स्टुडिओसाठी बनवलेले 250 ओहमचे हेडफोन मोबाईलवर दबके वाजतात, कारण त्यांना वेगळ्या ॲम्प्लिफायरची ताकद लागते.

गेमसाठी आवाजाची वाटणी कशी हवी, हे थोडे सविस्तर सांगणे आवश्यक आहे, कारण बहुतेक चुकीची खरेदी इथेच होते. गेममध्ये एकाच वेळी स्फोट आणि इंजिनाचे खोल आवाज, पावलांचे व दार उघडल्याचे मधले आवाज आणि गवत सळसळण्याचे किंवा बंदुकीत गोळ्या भरण्याचे बारीक आवाज चालू असतात. कानाचा स्वभाव असा की मोठा खोल आवाज त्याच्यापेक्षा वरच्या पट्टीतल्या हलक्या आवाजांना झाकून टाकतो. त्यामुळे ज्या हेडसेटमध्ये बास मुद्दाम फुगवलेला असतो त्यात पहिल्या पाच मिनिटांत मजा येते खरी, पण बाजूच्या खोलीत शिरलेल्या शत्रूची पावले ऐकू येत नाहीत. स्पर्धेचे गेम खेळणाऱ्याने म्हणूनच बास आटोक्यात असलेला आणि मधले स्वर मोकळे असलेला हेडसेट निवडावा, असे माझे ठाम मत आहे.

दिशा कशी कळते

उजवीकडून आलेला आवाज उजव्या कानाला आधी पोहोचतो आणि डाव्या कानाला किंचित नंतर. हा फरक जास्तीत जास्त 0.6 ते 0.7 मिलिसेकंदांचा असतो, तरीही मेंदू तो अचूक पकडतो. शिवाय डोके मध्ये येत असल्याने दूरच्या कानाला आवाज थोडा क्षीण पोहोचतो. खोल आवाजांची दिशा मुख्यतः वेळेच्या फरकावरून आणि तीक्ष्ण आवाजांची दिशा तीव्रतेच्या फरकावरून कळते, ही मांडणी इंग्लंडचे भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रेली यांनी 1907 साली केली होती. समोरचा आवाज आणि पाठीमागचा, किंवा वरचा आणि खालचा, यांतला भेद मात्र या दोन फरकांनी उलगडत नाही. त्यासाठी कानाच्या बाहेरच्या पाळीच्या वळ्या उपयोगी पडतात, कारण त्या प्रत्येक दिशेने येणाऱ्या आवाजाचा बाज वेगळ्या रीतीने बदलतात.

हेच बदल गणिताने मोजून दोन ड्रायव्हरमधूनच सभोवारचा आवाज भासवता येतो. या गणिताला एचआरटीएफ म्हणतात. खोक्यावरचे 7.1 सराउंड बहुतेक वेळा हेच असते, म्हणजे आत सात स्पीकर नसून दोनच असतात आणि बाकीचे काम सॉफ्टवेअर करते. त्यात फसवणूक आहे असे समजण्याचे कारण नाही. फक्त त्यासाठी जास्तीचे पैसे मोजण्याची गरज फारशी नसते. विंडोजमध्ये विंडोज सोनिक ही सोय फुकट मिळते आणि व्हॅलोरंटसारख्या गेमच्या सेटिंगमध्ये एचआरटीएफ स्वतंत्रपणे चालू करता येते. दोन्ही एकाच वेळी चालू ठेवू नयेत, कारण एकदा रचलेल्या आवाजावर दुसऱ्यांदा तीच प्रक्रिया झाली की दिशा फिसकटते आणि सगळा आवाज डब्यातून आल्यासारखा वाटू लागतो. गेममध्ये स्वतःची सोय असेल तर तीच वापरावी आणि हेडसेटचे 7.1 बंद करून तो स्टिरिओवर ठेवावा.

तार की बिनतारी, हा प्रश्नही दिशेइतकाच वेळेशी निगडित आहे. साध्या ब्लूटूथवर आवाज 100 ते 200 मिलिसेकंद, कधी त्याहूनही उशिरा पोहोचतो. पडद्यावर सेकंदाला 60 चित्रे बदलत असतील तर 200 मिलिसेकंद म्हणजे 12 चित्रे मागे. गोळी लागून गेल्यावर बंदुकीचा आवाज येणार. त्यातच माइक चालू केला की अनेक ब्लूटूथ हेडसेट फोनकॉलच्या पद्धतीवर जातात, तेव्हा आवाज एकसुरी व फोनवरच्या बोलण्यासारखा सपाट होतो आणि डावे-उजवे संपूनच जाते. बिनतारी हवाच असेल तर सोबत 2.4 गिगाहर्ट्झचा लहान यूएसबी डोंगल देणारा हेडसेट घ्यावा, त्यात हा उशीर खेळताना जाणवत नाही. मोबाईलवर खेळणाऱ्यांसाठी मात्र तारेच्या हेडसेटइतका भरवशाचा आणि स्वस्त उपाय अजून दुसरा नाही, फोनला 3.5 मिलिमीटरचे भोक नसेल तर चांगल्या प्रतीचा टाइप-सी कनेक्टर घ्यावा.

थरथर कुठून येते

लग्नाच्या वरातीत डीजेची गाडी शेजारून जाते तेव्हा ढोलाचा ठोका कानांबरोबर छातीतही बसतो, कारण ते मोठे स्पीकर प्रचंड हवा ढकलतात आणि तो दाब सगळ्या अंगावर पडतो. हेडसेटचा इवलासा पडदा फक्त कानाजवळची हवा हलवतो, त्यामुळे स्फोट कितीही स्पष्ट ऐकू आला तरी तो अंगाला लागत नाही. ही उणीव भरून काढण्यासाठी वाटीत ड्रायव्हरखेरीज आणखी एक हलणारा भाग बसवतात, आणि तो कुशनमधून गालाच्या व कानामागच्या हाडापर्यंत कंप पोहोचवतो.

कंप जाणण्याचे काम कातडीतल्या वेगवेगळ्या संवेदकांचे आहे. त्यांतल्या खोलवरच्या संवेदकांना इटलीचे शरीररचनाशास्त्रज्ञ फिलिप्पो पाचिनी यांचे नाव दिलेले आहे. ते 200 ते 300 हर्ट्झच्या आसपास सर्वाधिक तल्लख असतात. त्याहून संथ कंप दुसरे संवेदक टिपतात, पण हजार हर्ट्झच्या पुढे कातडीला जवळजवळ काहीच कळत नाही. म्हणजे कानाच्या मानाने कातडीचा पट्टा फार अरुंद आहे, आणि म्हणूनच हॅप्टिकची सगळी करामत खोल आवाजांपुरतीच चालते.

हा हलणारा भाग कोणत्या प्रकारचा आहे, यावर बरेच काही अवलंबून असते. सर्वांत स्वस्त प्रकारात जुन्या मोबाईलमधल्यासारखी एक मोटर असते, तिच्या आसावर एका बाजूला वजन असते आणि ती फिरली की घरघर होते. अशा मोटरला वेग पकडायला आणि थांबायला वेळ लागतो, शिवाय कंपाचा जोर आणि गती तिच्यात एकमेकांपासून वेगळी करता येत नाहीत, म्हणून बंदूक असो की वीज कडाडणे असो, सगळे एकसारखेच जाणवते. दुसऱ्या प्रकारात स्प्रिंगवरचे वजन एका ठरावीक गतीने पुढेमागे हलते. ते चपळ असते, पण त्या एका गतीबाहेर दुबळे पडते. तिसऱ्या आणि महागड्या प्रकारात स्पीकरसारखेच वेटोळे व चुंबक वापरून विस्तृत पट्ट्यातले कंप निर्माण करतात, त्यामुळे टायरखालची खडी आणि इंजिनाची धडधड यांतला फरक खरोखर जाणवतो. काही रचनांत हे वजन कानाच्या दिशेने न हलता कातडीला समांतर सरकते, म्हणजे हवा ढकलली जात नाही आणि कानात भलताच गुणगुणाट उमटत नाही.

बाजारात आलेल्या हेडसेटवरून हा प्रवास दिसतो. रेझर कंपनीने 2018 साली नारी अल्टिमेट हा हेडसेट आणला, त्यातले कंपयंत्र बर्लिनच्या लोफेल्ट या कंपनीच्या सहकार्याने घडवलेले होते. 2020 साली कोर्सेअरचा एचएस60 हॅप्टिक आला, तो टॅक्शन टेक्नॉलॉजी या कंपनीच्या तंत्रावर चालतो. स्कलकँडीच्या क्रशर मालिकेत संगीतासाठी हीच कल्पना आधीपासून आहे. 2024 च्या रेझर क्रॅकन व्ही4 प्रो या हेडसेटमध्ये सेन्सा एचडी नावाची पुढची पायरी आहे.

कंप कशावरून ठरतो, हा यातला कळीचा मुद्दा आहे आणि जाहिराती त्याबद्दल फार कमी बोलतात. बहुतेक हेडसेट आवाजातला खोल भाग गाळून घेतात आणि त्याच तालावर थरथरतात. गेमला त्याची काहीच कल्पना नसते. याचा फायदा असा की कोणताही गेम, सिनेमा किंवा गाणे चालते. तोटा असा की पुरुषाच्या बोलण्याचा मूळ स्वर साधारण 85 ते 180 हर्ट्झचा असतो, म्हणजे तो नेमका याच पट्ट्यात येतो. त्यामुळे कच्च्या घडणीच्या हेडसेटमध्ये गेममधले पात्र किंवा माइकवरचा मित्र बोलू लागला की गालाशी उगाच घूंघूं होत राहते. दुसऱ्या पद्धतीत गेम बनवणारेच कोणत्या प्रसंगी कोणता कंप द्यायचा हे ठरवतात, जसे प्लेस्टेशन 5 च्या ड्युअलसेन्स कंट्रोलरमध्ये 2020 पासून होते. तो अनुभव खूपच नेमका असतो, पण हेडसेटसाठी अशी सोय मोजक्याच गेममध्ये आहे. म्हणून हॅप्टिक हेडसेटमध्ये कंप कमी-जास्त करण्याचे चाक किंवा बटण वाटीवरच असले पाहिजे, ही अट मी कधीही सोडणार नाही. सॉफ्टवेअर उघडून, मेनूत शिरून तो बदलावा लागत असेल तर भर खेळात त्याचा उपयोग नाही.

मग हॅप्टिक कोणी घ्यावा? मोटारशर्यत, विमान उडवणे, गोष्टीचे मोठे गेम, भयपट या प्रकारांत तो आनंद निःसंशय वाढवतो. शत्रूची चाहूल घेऊन जिंकण्याच्या गेममध्ये त्याची मदत नगण्य आहे, कारण दोन्ही गालांवरच्या कंपावरून फार तर डावे की उजवे एवढे कळेल, समोर की मागे हे कळणार नाही. उलट सततच्या थरथरीने लक्ष विचलित होते. तरीही त्याचा एक गुण मला फार मोलाचा वाटतो. दणका कातडीतून मिळू लागला की तो कानातून मिळवण्यासाठी बास आणि आवाज चढवण्याचा मोह कमी होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार मोठ्या माणसांसाठी आठवड्याला 40 तास 80 डेसिबलपर्यंतचे ऐकणे सुरक्षित मानले जाते आणि लहान मुलांसाठी ही मर्यादा 75 डेसिबल आहे. प्रत्येक 3 डेसिबल वाढीला सुरक्षित वेळ निम्मा होतो, म्हणजे 83 डेसिबलला 20 तास आणि 86 डेसिबलला 10 तासच उरतात.

आपल्या घरातल्या अडचणी

डेसिबलचा विषय आपल्याकडे अधिक गंभीर आहे, कारण मार्च ते जून खोलीत कूलर चालू असतो. त्याच्या पंख्याचा घोंघावणारा आवाज सलग आणि खोल असतो, तो हलके आवाज झाकतो आणि खेळणारा नकळत आवाज वाढवत जातो. पावसाळ्यात टिनाच्या छतावरचा मारा हेच करतो. त्यामुळे मागून जाळी असलेले उघड्या वाटीचे हेडसेट, ज्यांची मोकळ्या आवाजासाठी फार स्तुती होते, ते आपल्या घरांसाठी नव्हेत. बंद वाटीचा, कान पूर्ण झाकणारा हेडसेटच घ्यावा. नॉइज कॅन्सलेशन, म्हणजे नको असलेला आवाज कापणे, हे शब्द खोक्यावर दिसले तर ते माइकबद्दल आहेत की कानाबद्दल, हे नीट वाचावे. बहुतेक गेमिंग हेडसेटमध्ये ते माइकबद्दल असतात, म्हणजे कूलरचा आवाज तुमच्या मित्राला कमी ऐकू जाईल, तुम्हाला मात्र तेवढाच येईल. कानासाठीचे खरे नॉइज कॅन्सलेशन सलग घोंघावण्यावर उत्तम चालते, पण ते देणारे गेमिंग हेडसेट थोडे आणि महाग आहेत. माइकच्या बाबतीत एवढेच पाहावे की तो दांडीवर तोंडाजवळ येतो आणि मुख्यतः समोरचाच आवाज घेतो. वाटीत लपवलेले माइक कूलरच्या खोलीत कुचकामी ठरतात.

कुशनचा विचार दुकानात कोणी करत नाही आणि एका उन्हाळ्यानंतर सर्वजण करतात. रेक्झिनसारख्या कापडाचे कुशन आवाज चांगला अडवते, पण चंद्रपूर-वर्ध्याच्या 45 अंशांत त्याखाली घामाच्या धारा लागतात आणि वर्षा-दोन वर्षांत त्याचे काळे पापुद्रे सुटून कानाला व केसांना चिकटू लागतात. जाळीच्या किंवा मखमली कापडाचे कुशन हवा खेळती ठेवते, बदल्यात थोडा बास गळतो आणि बाहेरचा आवाज थोडा आत येतो. हॅप्टिक हेडसेटमध्ये मात्र कंप कुशनमधूनच कातडीपर्यंत जातो, म्हणून फार भुसभुशीत कुशन किंवा जाड काड्यांचा चष्मा मध्ये आला की तो विरून जातो. कुशन काढून बदलता येते का आणि त्या मॉडेलचे सुटे कुशन मिळते का, हे मागवण्याआधीच पाहून ठेवावे.

वजनही इथेच मोजावे. साधा तारेचा हेडसेट 250 ते 300 ग्रॅमच्या आसपास असतो, तर हॅप्टिकचे भाग आणि बॅटरी धरून नारी अल्टिमेट सुमारे 430 ग्रॅमचा झाला होता. तासाभरात मान आणि टाळू ते सांगतात, उन्हाळ्यात त्याहून लवकर.

विजेच्या बाबतीत दोन गोष्टी आहेत. कंपयंत्राला स्वतःची वीज लागते, म्हणून हॅप्टिक हेडसेट यूएसबीवर किंवा स्वतःच्या बॅटरीवर चालतात आणि बिनतारी प्रकारात थरथर चालू ठेवली की बॅटरी बरीच लवकर उतरते. 3.5 मिलिमीटरच्या तारेने मोबाईलला जोडल्यावर बहुतेकांत फक्त आवाज येतो, कंप येत नाही. म्हणजे केवळ मोबाईलवर खेळणाऱ्याने हॅप्टिकचे पैसे देण्यात अर्थ नाही. जिथे लाइन तासन् तास जाते तिथे चार्जिंगवर अवलंबून असलेला हेडसेट ऐन सामन्यात दगा देऊ शकतो, हेही लक्षात घ्यावे. लिथियम बॅटरी 45 अंशांच्या वर चार्ज करणे तिच्या आयुष्याला घातक असते, तेव्हा दुपारी टिनाखालच्या तापलेल्या खोलीत हेडसेट चार्जिंगला लावू नये. दुसरी गोष्ट अर्थिंगची. ज्या घरात अर्थिंग नीट नसते तिथे लॅपटॉप चार्जरला लावताच 3.5 मिलिमीटरच्या हेडसेटमध्ये आणि माइकमध्ये बारीक गुणगुण येते. चार्जर काढल्यावर ती थांबत असेल तर दोष हेडसेटचा नाही. यूएसबी हेडसेटमध्ये आवाजाचे रूपांतर हेडसेटच्याच सर्किटमध्ये होत असल्याने ही तक्रार बऱ्याचदा कमी होते, पण अर्थिंग दुरुस्त करणे हाच खरा उपाय, आणि तो जीव वाचवणाराही आहे.

ऑनलाइन मागवल्यास परत पाठवण्याची मुदत पहिल्या दिवसापासून मोजली जाते, म्हणून हेडसेट आला की त्याच आठवड्यात नीट तपासावा. पार्सल उघडतानाचा व्हिडिओ काढावा, बिल जपून ठेवावे आणि दुरुस्ती केंद्र नागपूर, अमरावती, अकोला यांपैकी कुठे आहे की हेडसेट कुरिअरने पाठवावा लागतो, हे कंपनीच्या संकेतस्थळावर पाहावे. मग नेहमी ऐकतो ते गाणे लावून गायकाचा आवाज बरोबर मध्यभागी येतो का ते ऐकावे. एका बाजूला झुकत असेल तर दोन ड्रायव्हर सारखे नाहीत. युट्यूबवर 20 हर्ट्झपासून हळूहळू चढत जाणारा स्वर मिळतो, तो मध्यम आवाजात लावून वाटीत कुठे खडखड होते का हे पाहावे. हॅप्टिक असेल तर कंप कोणत्या स्वराला सुरू होतो आणि कोणत्या स्वराला थांबतो हे याच वेळी कळते. तो एकाच ठिकाणी उसळून इतरत्र मेलेला असेल तर आतला भाग स्वस्तातला आहे. त्यानंतर बातम्या लावून पुरुष निवेदकाचे बोलणे ऐकावे आणि गालाशी घूंघूं होते का ते तपासावे. शेवटी कूलर चालू ठेवून, कंप पूर्ण वाढवून, मित्राशी माइकवर बोलावे आणि त्याला घरघर ऐकू येते का ते विचारावे. कंप बंद केल्यावर ती घरघर थांबत असेल तर थरथर दांडीतून माइकमध्ये उतरते आहे असे समजावे आणि मुदत संपण्याआधी हेडसेट परत करावा, कारण ही खोड घडणीतली असते, कोणत्याही सेटिंगने ती पुरती जात नाही.